पोट लहान, दस्तरखान मोठा

रमजान हा संयमाचा महिना. पहाटेच्या सहरीपासून सूर्यास्ताच्या इफ्तारपर्यंत अन्नपाणी वर्ज्य आणि मगरिबची अजान झाली की घरोघरी दस्तरखान मांडला जातो. खजूर, फळे, भजी, समोसे, शरबत, शोरबा, कबाब. शेजारच्या हिंदू घरांतही या महिन्यात झाकलेली ताटे जातात आणि एरवी त्यांच्याकडून फराळाच्या वाट्या येतात. खाण्याला आणि खाऊ घालण्याला एवढा मान असलेल्या या महिन्यात अलीकडे काही घरांत एक नवी अडचण उभी राहू लागली आहे. घरातील दादी, नाना, मोठे चाचा किंवा फुफी यांची वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेली असते. त्यांच्या पोटात आता एका वेळी जेमतेम अर्धी-पाऊण वाटी अन्न मावते. त्यांनी रोजा ठेवावा का? ठेवलाच तर रात्री काय आणि किती खावे? नाही ठेवला तर त्यांच्या मनाचे काय?

हा प्रश्न केवळ मुस्लिम घरांचा नाही. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र, पर्युषण पाळणाऱ्या घरांतही अशी शस्त्रक्रिया झालेली वडीलधारी मंडळी आहेत. उपवास आणि पंगत, दोन्हींशी त्यांचे नाते बदलले आहे. शस्त्रक्रिया दोन तासांत आटोपते, पण तिच्यासोबत जगणे पुढे आयुष्यभर चालते. त्यातही वय साठीच्या पुढचे असेल, तर हे जगणे एकट्या माणसाच्या हातात राहत नाही. पथ्य साऱ्या घराला शिकावे लागते.

शस्त्रक्रियेत नेमके काय होते?

वजन घटवण्यासाठी पोटावर शस्त्रक्रिया करण्याचे प्रयोग अमेरिकेत १९५०च्या दशकात सुरू झाले. सुरुवातीच्या पद्धतीत लहान आतड्याचा बराचसा भाग वगळून अन्न पुढे सोडले जाई. वजन उतरे, पण जुलाब, क्षारांची कमतरता आणि यकृताचे विकार मागे लागत. ती पद्धत पुढे बंद पडली. अल्सरसाठी जठराचा मोठा भाग काढलेल्या रुग्णांचे वजन पुन्हा सहजासहजी वाढत नाही, हे आयोवा विद्यापीठातील शल्यचिकित्सक एडवर्ड मेसन यांच्या लक्षात आले आणि १९६६ साली त्यांनी जठराच्या बायपासची शस्त्रक्रिया केली. १९९०च्या दशकात ती दुर्बिणीतून होऊ लागली. पोटावर मोठा छेद घेण्याची गरज उरली नाही आणि रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी जाऊ लागला.

आज प्रामुख्याने दोन पद्धती चालतात. पहिली 'स्लीव्ह'. तिच्यात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी उरते. भूक जागवणारे 'घ्रेलिन' नावाचे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होते. तो भाग गेल्यामुळे भूकही बरीच मंदावते. दुसरी पद्धत 'बायपास'. तिच्यात जठराच्या वरच्या टोकाला लहानशी पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. उरलेले जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग शरीरातच राहतो, पण अन्न त्यातून जात नाही. दोन्ही पद्धतींत पोटात अन्न कमी मावते, शिवाय संप्रेरकांचा तोल बदलतो. त्यामुळेच अनेक मधुमेहींची साखर वजन उतरण्याच्या आधीच, काही दिवसांत खाली येऊ लागते.

आपल्याकडे या शस्त्रक्रियेचे नाव सामान्य माणसाच्या कानावर पडले ते बहुधा राजकीय नेत्यांमुळे. २०११ साली नितीन गडकरी यांनी आणि २०१४ साली अरुण जेटली यांनी ती करून घेतल्याच्या बातम्या सर्वत्र छापून आल्या. आता ती महाराष्ट्रातील अनेक शहरांत होते.

ती करायची की नाही, हे ठरवताना डॉक्टर 'बीएमआय' पाहतात. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की हा आकडा मिळतो. पाच फूट उंचीच्या बाईचे वजन ९० किलो असेल, तर तिचा बीएमआय ३९च्या आसपास येतो. भारतीयांच्या शरीरात, विशेषतः पोटाभोवती, चरबीचे प्रमाण अधिक असते आणि मधुमेह कमी वजनावरही गाठतो. म्हणून आपल्याकडे ३७.५च्या वर, किंवा मधुमेह-रक्तदाबासारखे विकार सोबत असल्यास ३२.५च्या वर शस्त्रक्रियेचा विचार करण्याचा निकष रूढ झाला. २०२२ साली आंतरराष्ट्रीय संघटनांनी हे आकडे आणखी खाली आणले. आरोग्य विम्याचे नियम मात्र ४० बीएमआय, किंवा गंभीर विकारांसह ३५, असे आहेत. डॉक्टर 'करा' म्हणतात आणि विमा कंपनी 'बसत नाही' म्हणते, असे त्यामुळे होऊ शकते. खर्च काही लाखांत जातो, तेव्हा पॉलिसीचे कागद आधीच वाचलेले बरे.

साठीनंतरचा हिशेब वेगळा

तिशीतल्या माणसाला आरशातली आकृती बदलायची असते. साठीतल्या माणसाची मागणी साधी असते. जिना चढता यावा, इन्सुलिनची सुई सुटावी, रात्री झोपेत श्वास अडकू नये, गुडघ्याच्या सांध्याचे ऑपरेशन करण्याइतके वजन खाली यावे. नमाज खुर्चीवर न बसता जमिनीवर अदा करता यावी किंवा एकदा तरी जेजुरीचा गड पायी चढता यावा.

या वयात शस्त्रक्रिया होते का, असे अनेक जण विचारतात. २०२२च्या मार्गदर्शक सूचनांनी वयाची वरची मर्यादा घातलेली नाही. त्यांचे म्हणणे असे, की जन्मतारखेपेक्षा माणूस किती सशक्त आहे हे पाहा. हृदय, फुप्फुसे, मूत्रपिंडे कशी आहेत, माणूस आपला आपण चालतो-फिरतो का, स्मरणशक्ती शाबूत आहे का, घरी लक्ष द्यायला कोणी आहे का. साठीनंतर वजन तरुणांच्या तुलनेत काहीसे कमी उतरते आणि धोका थोडा अधिक असतो. मधुमेह, रक्तदाब, झोपेतला श्वासरोध यांत मात्र त्यांनाही स्पष्ट फरक पडतो.

तोट्याची बाजूही वयाने जड होते. वजन झपाट्याने उतरते तेव्हा चरबीबरोबर स्नायूही झिजतात. तरुण शरीर ते भरून काढते, पण साठीनंतर स्नायू आधीच दरवर्षी थोडे-थोडे कमी होत असतात. हाडांचेही तसेच. बायपासनंतर हाडे विरळ होण्याचा आणि मोडण्याचा धोका वाढतो, आणि पाळी गेलेल्या स्त्रियांची हाडे मुळातच ठिसूळ झालेली असतात. पंचवीस किलो उतरले म्हणून घरात पेढे वाटले आणि न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचे हाड मोडले, तर त्या उतरलेल्या वजनाचा उपयोग काय? म्हणून या वयात काट्यावरच्या आकड्याइतकेच लक्ष ताकदीकडे हवे. हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठता येते का, पिशवीत पाच किलो पीठ घेऊन जिना चढता येतो का, या घरच्या परीक्षा आहेत. रोज चालणे हवेच. शिवाय डॉक्टरांच्या सल्ल्याने हलकी वजने उचलण्याचा किंवा खुर्चीवर उठ-बस करण्याचा व्यायामही हवा.

पहिले वर्ष

सुरुवातीचे काही आठवडे केवळ पातळ पदार्थ, मग कालवलेले, मग मऊ अन्न, अशा पायऱ्यांनी माणूस साध्या जेवणापर्यंत पोचतो. दीड-दोन महिने यात जातात. या काळात घरातील माणसे घाबरतात. एवढ्याशा खाण्यावर माणूस जगणार कसा, ही चिंता खरी असते. पण त्या चिंतेपोटी 'थोडी खीर तरी घ्या' म्हणणे धोक्याचे ठरते.

तिसऱ्या ते सहाव्या महिन्याच्या सुमारास केस गळू लागतात. बहुतेकांचे ते पुन्हा येतात, पण कंगव्यात पुंजके पाहून धास्ती बसते. गालफडे बसतात, दंडांची आणि पोटाची कातडी लोंबते. वय जितके जास्त, तितकी कातडी आवळून येण्याची शक्यता कमी. तरुण मुलीला लोक 'किती छान दिसतेस' म्हणतात. साठीतल्या माणसाला रस्त्यात थांबवून विचारतात, 'तब्येत बरी नाही का? काही मोठे निघाले का?' हा प्रश्न चांगल्या मनाने विचारलेला असतो, तरी ऐकणाऱ्याला रोज टोचतो. काही जण त्यामुळे लग्नसमारंभाला जाणेच टाळू लागतात.

औषधांची फेरजुळणी हा याच वर्षातला महत्त्वाचा भाग. साखर आणि रक्तदाब खाली येत असताना जुन्याच मात्रेत गोळ्या चालू राहिल्या, तर माणूस सिजद्यातून उठताना किंवा देवघरापुढून उभे राहताना भोवळ येऊन पडू शकतो. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्यांबाबत विशेष जपावे लागते. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या बायपास झालेल्याने घेऊ नयेत, कारण जोडलेल्या जागी जखम होऊन रक्तस्राव होऊ शकतो. शेजाऱ्याने दिलेली साधी वाटणारी गोळीही आता साधी राहिलेली नसते.

रोजचा हिशेब

शस्त्रक्रियेनंतरचे जेवण म्हणजे छोट्या पोटात मोठा हिशेब बसवणे. दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिने पोटात जायला हवीत. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, ५० ग्रॅम शिजलेल्या चिकनमध्ये साधारण १३, ५० ग्रॅम पनीरमध्ये ९, वाटीभर घट्ट वरणात ६ ते ७ ग्रॅम. दोन अंडी, थोडे चिकन, थोडे पनीर आणि वाटीभर वरण असे सगळे मिळूनही बेरीज चाळिशीच्या आसपासच राहते. म्हणून ताटात आधी प्रथिने, मग भाजी आणि शेवटी जागा उरली तर चपाती किंवा भात, असा क्रम डॉक्टर सांगतात. प्रथिनांची पावडरही अनेकांना घ्यावी लागते. शाकाहारी घरांत हा हिशेब अधिक अवघड. तिथे दही, पनीर, मुगाचे धिरडे, सोयाबीन यांचा आधार घ्यावा लागतो.

पाण्याचा नियम तर आपल्या सवयीच्या अगदी उलट आहे. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. एरवी मात्र दिवसभर घोट-घोट करत दीड ते दोन लिटर. तांब्या तोंडाला लावून घटाघटा पिण्याचे सुख संपलेले असते. घास बारीक, चावणे भरपूर, जेवणाला वीस-तीस मिनिटे. मऊ पोळी, चिकट भात आणि कोरडे मांस हे पदार्थ अडकण्याची भीती अधिक.

गोळ्या जन्मभराच्या. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि इतर जीवनसत्त्वे. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतले तर एकमेकांच्या आड येतात, म्हणून त्यांत दोन तासांचे अंतर. जठरातील आम्ल कमी झाल्याने कॅल्शियम सायट्रेट हा प्रकार चांगला शोषला जातो. 'आता बरे वाटते' म्हणून दोन-तीन वर्षांनी गोळ्या बंद करणारे पुष्कळ. बी-१२ची कमतरता सावकाश येते. पायांना मुंग्या येतात, तोल जातो, विसरायला होते आणि घरचे म्हणतात, वय झाले. वयावर ढकलण्याआधी रक्ताची तपासणी करावी. वारंवार उलट्या होत असतील तर वाटच पाहू नये, कारण बी-१ हे जीवनसत्त्व थोड्या आठवड्यांत संपते आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

रोजा कोणी ठेवावा?

आता रमजानकडे. कुरआनच्या दुसऱ्या अध्यायात, सूरह अल-बकराहच्या १८४ आणि १८५व्या आयतींत रोजाचा आदेश आहे आणि त्याच ठिकाणी आजारी माणसाला व प्रवाशाला सवलतही आहे. त्यांनी सुटलेले रोजे नंतर इतर दिवसांत पूर्ण करावेत. याला 'कजा' म्हणतात. ज्याला पुढेही रोजा ठेवणे शक्य होणार नाही, अशा वृद्धाने किंवा कायमच्या आजाऱ्याने प्रत्येक रोजामागे एका गरजूच्या जेवणाची सोय करावी. ही 'फिदिया'. आदेश आणि सवलत शेजारी-शेजारी आली आहेत. धर्म माणसाला अडचणीत टाकू इच्छित नाही, असा त्यांचा आशय. सवलत घेणारा धर्माबाहेर जात नाही, तो धर्माने दिलेल्या वाटेनेच चालतो.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले सहा महिने ते वर्षभर रोजा ठेवू नये, असाच सर्वसाधारण वैद्यकीय सल्ला असतो. या काळात वजन झपाट्याने उतरत असते, पाणी पुरेसे जात नसते आणि पित्ताशयात खडे होण्याचा धोकाही असतो. त्यानंतर तब्येत स्थिरावलेल्या अनेक जणांना डॉक्टर परवानगी देतात. पण इन्सुलिन किंवा साखर एकदम खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असणे, मूत्रपिंडाचा विकार, पूर्वी मूतखडा झालेला असणे, वारंवार भोवळ येणे किंवा वय सत्तरीच्या पुढे आणि अंगात अशक्तपणा, यांपैकी काही असेल तर उत्तर बहुधा 'नको' असेच येते. रमजान लागण्याच्या महिना-दीड महिना आधी डॉक्टरांना भेटावे, म्हणजे तपासण्या करून औषधांच्या वेळा बदलायला सवड मिळते.

रात्रीचा हिशेब मांडला की सल्ल्यामागचे कारण कळते. इफ्तार ते सहरी साधारण साडेदहा-अकरा तास. त्यातले पाच-सहा तास झोपेचे. तरावीहच्या नमाजचा तास-दीड तास वेगळा. उरलेल्या साडेतीन-चार तासांत दीड लिटर पाणी घोट-घोट करून, साठ ग्रॅम प्रथिने अर्ध्या-अर्ध्या वाटीने आणि एकमेकांपासून दूर ठेवायच्या गोळ्या बसवायच्या. शिवाय खाण्याच्या आसपास पाणी नाही. ज्याला हे जमते त्याने जरूर ठेवावा, पण हा हिशेब कागदावर तरी जमतो का, ते आधी पाहावे. सहरी चुकवून रोजा ठेवणे या माणसांसाठी तर नाहीच.

गोडाचा धोका निराळा. बायपास झालेल्याच्या पोटात शरबत, जिलेबी, मालपुवा गेला की साखर थेट आतड्यात उतरते. दहा ते तीस मिनिटांत धडधड, घाम, पोटात कळ, जुलाब. याला 'डम्पिंग' म्हणतात. तेवढ्यावर निभावले तरी शरीर भरमसाट इन्सुलिन सोडते आणि एक ते तीन तासांनी रक्तातली साखर एकदम खाली जाते. इफ्तारला मोठा पेला शरबत घेतलेला माणूस तरावीहच्या वेळी सफमध्ये उभा असतानाच त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, ती यामुळे. लोक म्हणतात, रोजा झेपला नाही. प्रत्यक्षात त्याला शरबत झेपलेले नसते. अर्धा खजूर नीट चावून, एक-दोन घोट पाणी, मग नमाज अदा करून वीस-पंचवीस मिनिटांनी गाळलेला शोरबा, उकडलेले अंडे, मऊ मासा किंवा दही, असा इफ्तार त्याला मानवतो. तळलेले टाळावे. मऊ शिजलेला, कमी तेलाचा खिचडा किंवा हलीम चार-पाच चमचे चालू शकतो. त्यात डाळ आणि मांस दोन्ही असते.

हात थरथरणे, दरदरून घाम, भोवळ, लघवी फार कमी व गडद होणे, उलट्या थांबत नसणे, यांपैकी काही झाले तर रोजा तिथेच सोडावा. जिवावर बेतले असताना सोडलेल्या रोजाची फक्त कजा असते, असे उलेमा सांगतात. बोटाला सुई टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, हेही अनेकांना ठाऊक नसते आणि त्या भीतीने तपासणी राहून जाते. ज्यांना वर्षभरानंतर परवानगी मिळाली, त्यांनी सुटलेले रोजे डिसेंबर-जानेवारीत ठेवावेत. दिवस लहान, हवा थंड, तहान कमी. एकेक दिवसाआड ठेवले तरी चालते.

मनाची भूक

नियम समजणे सोपे, पण मनाची समजूत पटणे कठीण. वयाच्या आठव्या-दहाव्या वर्षी पहिला रोजा ठेवलेला, त्या दिवशी गळ्यात हार घालून घेतलेला माणूस पन्नास-पंचावन्न रमजान न चुकता पार पाडतो आणि मग एका वर्षी डॉक्टर सांगतात, यंदा नको. दुपारी सारे घर उपाशी असताना स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पाण्याचा घोट घेताना त्याला चोरी केल्यासारखे वाटते. पुष्कळ जण घरच्यांना न सांगता रोजा ठेवतात, किंवा दिवसभर ठेवल्याचे भासवून पाणीही पीत नाहीत. चाळीस वर्षे आषाढी एकादशी पाळलेल्या आजीचेही हेच असते. त्यात गंमत अशी, की तिच्या उपवासाच्या ताटात साबुदाणा आणि बटाटा, म्हणजे प्रथिने जवळपास नाहीतच.

अशा वेळी घरातल्या माणसांचे शब्द मोलाचे. 'अम्मी, तुम्ही या वर्षी कुरआनचे पठण पूर्ण करा, फिदियाचे आम्ही पाहतो' असे मुलाने म्हणणे आणि सुनेने दुपारी बाराला दह्याची वाटी सगळ्यांसमोर, सहजपणे आणून देणे, यातून अपराधीपणा गळून पडतो. रोजा हे रमजानचे एक अंग आहे. जकातचा हिशेब, सदका, रोजेदाराला इफ्तार देणे, रुग्णाची विचारपूस, रागावर ताबा, ही बाकीची अंगे लहान पोटालाही झेपतात. एक गोष्ट मात्र लक्षात असावी. ज्याला पुढे बरे होऊन रोजे ठेवता येणार आहेत, त्याने फिदिया देऊन मोकळे होता येत नाही, त्याला कजाच करावी लागते. आपले प्रकरण कोणत्या प्रकारात बसते, ते डॉक्टरांचे मत घेऊन मौलाना साहेबांना विचारावे.

आग्रहाचे काय करावे?

आपल्या मुलखात पाहुण्याला आग्रह न करणे हा कंजूषपणा समजला जातो. इफ्तारच्या दावतीत 'एक कबाब तरी घ्याच', लग्नाच्या पंगतीत 'एक जिलेबी माझ्या हातची', हळदीकुंकवाला 'एवढ्याने काय होते'. पण या माणसांना खरेच एवढ्याने होते. पोट भरल्यावरचा एकच जादा घास छातीत अडकतो, तोंडाला पाणी सुटते, उठून बाहेर जावे लागते. मग यजमानाला वाटते, अन्न आवडले नाही. पाहुण्याला वाटते, आपण रंगाचा बेरंग केला.

उपाय साधे आहेत. त्यांना मोठ्या ताटाऐवजी बशी आणि छोटी वाटी द्यावी, म्हणजे पान रिकामे दिसत नाही आणि टाकलेलेही दिसत नाही. जेवण अर्ध्या तासाने संपेल असे धरून त्यांच्या शेजारी बसावे. डबा बांधून द्यावा, रात्री उशिरा ते त्यातले चार घास खातील. आणि 'वजन किती उतरले?' हा प्रश्न चार लोकांत विचारू नये. पोटाचा एक तृतीयांश अन्नासाठी, एक तृतीयांश पाण्यासाठी आणि उरलेला श्वासासाठी राखावा, अशी प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांची शिकवण सांगितली जाते. ती शिकवण साऱ्यांसाठी आहे. शस्त्रक्रिया झालेल्याला ती पाळावीच लागते, बाकीच्यांनी निदान त्याला मोडायला लावू नये.

दहा वर्षांनंतर

ही शस्त्रक्रिया चमत्कार नाही आणि फसवणूकही नाही. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे दोन हजार लोकांचा वर्षानुवर्षे माग ठेवला गेला. सुरुवातीला त्यांचे वय ३७ ते ६० होते, म्हणजे अनेक जण या शस्त्रक्रियेसोबतच म्हातारे झाले. दोन वर्षांनी त्यांचे वजन सरासरी २३ टक्के उतरले होते. दहा वर्षांनी ते मूळ वजनापेक्षा १७ टक्के आणि वीस वर्षांनी १८ टक्के कमी होते. म्हणजे थोडे परत चढले, बरेचसे उतरलेले राहिले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांचे आयुर्मान शस्त्रक्रिया न केलेल्या तशाच लठ्ठ लोकांपेक्षा सुमारे तीन वर्षांनी जास्त होते. तरीही सर्वसामान्य जनतेपेक्षा ते साडेपाच वर्षांनी कमीच राहिले. आजार हलका होतो, नाहीसा होत नाही.

वजन परत चढते ते बहुधा पंगतीने नाही, तर दिवसभराच्या चाळवाचाळवीने. चहाबरोबर दोन खारी, मग चिवडा, मग आइस्क्रीम. मऊ आणि गोड पदार्थ लहान पोटातूनही सहज सरकतात. रमजानमध्ये इफ्तार ते सहरी जागत बसून थोडे-थोडे खात राहण्याची सवय इथेच नडते. वर्षातून एकदा रक्ताची तपासणी, डॉक्टरांनी सांगितल्यास हाडांची घनता आणि शस्त्रक्रियेचे कागद कायम पाकिटात. रात्री-अपरात्री दुसऱ्या दवाखान्यात न्यावे लागले, तर तिथल्या डॉक्टरांना आतली रचना बदललेली आहे हे कळायला हवे.

या सगळ्याच्या बदल्यात काय मिळते, ते अशा घरांत विचारावे. कोणाची इन्सुलिनची बाटली फ्रिजमधून गेली. कोणी दहा वर्षांनी तरावीहच्या सफमध्ये खुर्चीविना उभा राहिला. कोणी नातवाचे बोट धरून बाजारात चालत गेले आणि चालत परत आले. ईदच्या दिवशी या माणसांच्या पुढ्यात शीरखुर्म्याची वाटी येईलच. ते दोन चमचे घेतील आणि बस म्हणतील. तेव्हा वाटी हसून उचलून घ्यावी आणि गळाभेट मात्र भरभरून घ्यावी. ईद मुबारक म्हणायला रिकामे पोटही पुरते.